बिनवाघाची भीती

माणूस सापाला घाबरतो, परीक्षेला घाबरतो, सासूला घाबरतो आणि सावली तालुक्याच्या आमच्या या कोपऱ्यात तर वाघाला घाबरतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भर दुपारी, भर बाजारात, कापडाच्या दुकानात पोरीच्या फ्रॉकचं कापड हातात धरून उभं असताना एकाएकी घाम फुटावा, छाती धडधडायला लागावी, बोटांना मुंग्या याव्यात, श्वास घशातच अडकावा आणि आता आपण मेलोच अशी खात्री पटावी, याला काय म्हणायचं? जांभूळटोल्याच्या सरिता रामटेकेला गेल्या वर्षी पहिल्यांदा असं झालं. तिनं कापड तिथंच टाकलं आणि चपला न घालता रस्त्यावर पळाली. दुकानदाराला वाटलं, बाई काहीतरी उचलून पळाली.

घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा ईसीजी काढला, त्याची पट्टी इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि म्हणाला, "हार्ट एकदम ओके आहे. काही नाही झालेलं. टेन्शन घेऊ नका." टेन्शन जणू किराणा दुकानात मिळत होतं आणि सरिताच ते पिशवी भरभरून घरी आणत होती.

शेजारणीनं मग गिरजाबाईला, म्हणजे सरिताच्या सासूला, हळूच सुचवलं की हे बाहेरचं दिसतं, एखाद्या झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याला दाखवून पाहा. गिरजाबाईनं तिला अंगणातूनच परत धाडलं.

"आमच्या घरी बुद्धाची दीक्षा झाली तवापासून भुताले रस्ताच नाई ठेवला आमी. पुजारी कायले लागते?"

बाईचं बोलणं खरं होतं आणि ठसक्यात होतं. अडचण एवढीच झाली की घरात भूत नाही आणि छातीत रोग नाही, तर मग उरलं काय? गिरजाबाईला एकच शब्द सुचला. नखरे. तिनं तो वाईट मनानं काढला नव्हता. तिच्या आयुष्यात दुखण्याचे दोनच प्रकार होते, अंथरुणावर पाडणारं आणि न पाडणारं, आणि न पाडणाऱ्या दुखण्याला तिनं स्वतःच्या बाबतीतही कधी भाव दिला नव्हता. सरिताचा नवरा प्रफुल सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडे ट्रकवर होता. तो फोनवर सांगायचा, "जास्त विचार नोको करू." सासरा सोमाजी स्वभावानं गरीब. तो काहीच सांगायचा नाही, फक्त पाण्याचा गिलास आणून द्यायचा.

सरितानं मग आपलं आपणच धोरण ठरवलं. जिथं झालं तिथं परत जायचं नाही. आधी बाजार सुटला. मग बसमध्ये झालं, बस सुटली. आरमोरीला मावसबहिणीच्या लग्नात मांडवातच झालं, मग लग्नं सुटली. असं करता करता त्या बाईचं जग अंगणाएवढं होऊन बसलं. त्यातही दिवसभर एक कान आपल्याच छातीकडे. धडधड वाढली की घाबरायचं, आणि घाबरलं की धडधड वाढायची. सुटका कुठूनच नाही.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात नव्या आरोग्य अधिकारी उर्वशी मॅडम आल्या तेव्हा कुठं या प्रकाराला नाव मिळालं. सरिता पोरीला डोस पाजायला गेली होती. तिथंही तिचे हात थरथरायला लागले, तसं मॅडमनी पोरीला बाजूला बसवून आईलाच खुर्ची दिली.

"याला पॅनिक अटॅक म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "यानं माणूस मरत नाही. समोर वाघ आला तर शरीर काय करेल? श्वास वाढेल, काळीज जोरात चालेल, पायात पळायची ताकद येईल. तुमचं शरीर तेच करतं, फक्त समोर वाघ नसताना करतं. शरीर खोटं नाही बोलत, सरिताताई. त्याचा अंदाज चुकतो."

"म्हणजे मी नखरे नाई करून राह्यली?"

"नाही."

सरिताला त्या एका शब्दानं इतकं रडू आलं की डोसाला आलेल्या बाकी बाया बघायला लागल्या. मॅडमनी पुढंही बरंच सांगितलं. हे चढतं तसं उतरतं. उतरेपर्यंत पळायचं नाही, पळालं की भीतीला वाटतं आपलंच बरोबर होतं. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं, सावकाश, लांब. पाय जमिनीवर आहेत ते जाणून घ्यायचं. आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, त्यांना एकदा दाखवायचं, लागलं तर गोळ्याही देतात, त्यात कमीपणा नाही. सरितानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. मनाचा डॉक्टर म्हटलं की गावात एकच शब्द निघतो, आणि तो तिला आपल्या नावापुढं नको होता.

एक जागा मात्र तिच्यासाठी अजून शाबूत होती. जंगल. तुम्हाला हसू येईल, पण जिथं खरोखर वाघ आहे तिथं सरिताला कधीच काही झालं नव्हतं. चैत लागला की मोह गळायला लागतो आणि गावातल्या बाया फुलं वेचायला निघतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. पूर्वी अंधारातच निघायच्या, पण वाघानं माणसं न्यायला सुरुवात केल्यापासून उजाडल्याशिवाय आणि एकटीनं जायचं नाही असा नियम झाला. हा नियम आशाबाईचा. आशाबाई म्हणजे बायांच्या टोळीची पुढारीण, आवाज असा की पलीकडच्या गावची कुत्री भुंकावीत. प्रत्येकीनं आपल्या झाडाखाली वेचत असताना थोड्याथोड्या वेळानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. कोणाची ओ आली नाही किंवा कोणी बोलता बोलता गप्प झाली, की काय झालं म्हणून विचारत बसायचं नाही. डबे वाजवायचे, ओरडायचं, सगळ्यांनी तिच्याभोवती गोळा व्हायचं आणि जंगलाकडे तोंड ठेवून मागं मागं सरत बाहेर यायचं. कारण वाघ दिसला की माणसाची वाचा जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी सरिता आपल्या झाडाखाली वाकून वेचत होती. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, टोपली अर्धी झाली होती. मनात काहीही नव्हतं, आणि तेवढ्यातच ते आलं. जंगलातसुद्धा आलं! शेवटची जागाही गेली, हा विचार आधी आला आणि त्यानंच तिचे पाय गेले. ती मटकन खाली बसली. तोंड पांढरंफटक, हात पुढं केलेला, बोटं वाकडी झालेली. आशाबाईची हाक आली. ओ द्यायला गेली तर घशातून आवाजच फुटेना.

मग काय विचारता! डबे वाजले, टोपल्या उडाल्या, बाया धावत आल्या. सरिताचा पुढं केलेला हात ज्या दिशेला होता त्या दिशेला सगळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलं म्हटल्यावर दिसणारच. एकीला झुडूप हललेलं दिसलं. एकीला पट्टे दिसले. आशाबाईला तर शेपटीचं टोक साफ दिसलं. दोघींनी सरिताला काखेत हात घालून उचललं आणि सगळी वरात मागं मागं चालत गावात पोहोचली. संध्याकाळपर्यंत वाघाची वाघीण झाली होती आणि तिला दोन पिल्लंही झाली होती.

सरितानं "वाघ" हा शब्द एकदाही उच्चारला नाही. कोणी तिला विचारलंच नाही. जिची वाचा गेली तिला काय विचारायचं?

खरी गंमत घरी झाली. गिरजाबाईनं तिला खाटेवर बसवलं, पाय चेपले आणि कोंबडीनं दिलेली सगळी अंडी एका वेळी कालवणात फोडली. दारात येईल त्याला सांगायला लागली, "माही सून वाघासमोर बसली, पण पळाली नाई. पळाली असती तर गेलीच होती." प्रफुलचा फोन आला, आवाज रडवेला. म्हणाला, "तुले काई झालं असतं तर मी काय केलं असतं?" वर्षभर जास्त विचार नको करू म्हणणारा हाच नवरा. सरिता अंड्याचं कालवण खात होती आणि ऐकत होती. तेच धडधडणारं काळीज, तोच घाम, तीच वाकडी बोटं. फक्त आता त्यांच्यासमोर वाघ उभा होता, म्हणून त्यांना किंमत आली होती. तिला वाटलं, आता सांगावं. मग सासूचा हात डोक्यावरून फिरला, आणि तिनं नाही सांगितलं. तिच्या जागी तुम्ही तरी सांगितलं असतं का, ते आधी स्वतःला विचारून पाहा.

दुसऱ्याच दिवशी आदेश नावाचा वनखात्याचा गार्ड आला. कोवळं पोरगं, पण कामाला चोख. त्यानं बायांचे जबाब घेतले, झाडांना कॅमेरे बांधले आणि जंगलाचा तो भाग बंद केला. पुढची सूचना मिळेपर्यंत कोणी आत जायचं नाही. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल?

पण मोहाला सूचना कळत नाही. तो आपला गळतच राहिला. रात्रभर गळायचा, सकाळी उन्हात सुकायचा, मग रानडुकरांनी खायचा नाही तर जागीच कुजायचा. वारा जंगलाकडून आला की गोड आंबूस वास गावात शिरायचा आणि बाया एकमेकींकडे बघायच्या. सरिताला तो वास सहन होईना. दार लावून घेतलं तरी यायचा. लोक तिच्या दारावरून जाताना "कशी हायेस, बाई?" म्हणून आपुलकीनं विचारायचे, आणि तिचं काळीज पुन्हा धडधडायला लागायचं. यावेळी मात्र त्याचं कारण तिला पक्कं माहीत होतं.

मग आदेशनं ग्रामपंचायतीसमोर सभा बोलावली. बाप्ये एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, भर सकाळचं ऊन. आदेश चिडलेला होता. त्यानं मोबाइल वर धरला.

"कॅमेऱ्यात काय आलं ते पाहा. डुकरं आली. सांबर आलं. आणि हे कोण आलं?"

फोटोत पहाटेच्या अंधुक उजेडात एक म्हातारी टोपली कमरेवर घेऊन चालली होती. एकटी. मोबाइल हातोहात फिरला आणि सगळ्यांनी सोमारीकडे पाहिलं. सोमारी आत्राम, गावाच्या टोकाला एकटी राहणारी गोंडीण. सरिता लग्न होऊन आली तेव्हा मोह कसा वेचायचा, कसा वाळवायचा, हे तिला याच म्हातारीनं शिकवलं होतं.

"होये, मीच हाये," सोमारी म्हणाली. तिला फोटो आवडलेला दिसला. "मोह माह्यासाठी थांबते काय? वर्षभर काय खाऊ मी?"

"सोमारीबाई, तिथं वाघ आहे!"

"असंल. मले खाईल तर खाईल. हाडंच हायेत."

लोक हसले. आदेश हसला नाही. "हसा तुम्ही. उद्या काही झालं तर मलाच उचलायला जायचं आहे. कॅमेऱ्यात वाघ आला नाही, पण सहा बायांनी डोळ्यांनी पाहिलाय. आता ऐकतच नसाल तर मी वर कळवतो, पूर्ण हंगाम बंद."

"बंद करा," सोमारी शांतपणे म्हणाली. "मी जाईन."

ती जाणार, हे सरिताला कळलं. एकटीच जाणार, अंधारातच जाणार, हाक द्यायला आणि ओ द्यायला कोणी नसताना. आणि तिच्यामागून आणखी कोणी कोणी जातील. या जंगलात वाघ फिरतोच, आज इथं नसेल तर उद्या असेल. एक खोटा वाघ उभा राहिला म्हणून सोमारी खऱ्याच्या तोंडी जाईल. सरिता उभी राहिली. उभी राहताना तिला कळलं नाही की आपण उभ्या राहिलोय.

गिरजाबाईला वाटलं, सून आता वाघाचा किस्सा सांगणार. तिनं अभिमानानं आजूबाजूला पाहिलं. "सांग सुनबाई, सांग म्हातारीले. कसा होता तो वाघ, सांग."

"वाघ," सरिता म्हणाली, आणि पुढचा शब्द आला नाही.

त्याऐवजी ते आलं. सगळ्या गावासमोर. छाती हातोड्यागत वाजायला लागली, कानात घूं झालं, माणसांचे चेहरे लांब लांब गेले. पळ, सगळं अंग म्हणत होतं, घर जवळ आहे, पळ. ती पळाली नाही. खाली बसली. दोन्ही पाय मातीला टेकवले, एक हात पुढं गेला, बोटं वाकडी झाली, आणि ती श्वास सोडायला लागली. आत घेणं तिच्या हातात नव्हतं, सोडणं थोडंफार होतं.

सभेत एकच गोंधळ उडाला. दोन बाप्ये काठ्या घेऊन उठले. काहींनी मागं वळून पाहिलं. एकानं तर पंचायतीच्या छपरावर पाहिलं, वाघ तिथं कशाला चढेल ते त्यालाच माहीत.

"थांबा!" आशाबाई ओरडली, तसे सगळे थांबले. ती सरिताच्या समोर येऊन वाकली. तिचं तोंड, तिचा हात, तिची बोटं नीट निरखून पाहिली. मग हळू आवाजात बोलली, आणि आशाबाईला हळू बोलताना गावानं पहिल्यांदा ऐकलं.

"हेच. तवा हेच झालं होतं हिले. अश्शीच बसली होती, हातबी असाच होता." तिनं मान वर करून उजळलेल्या पटांगणावर नजर फिरवली. "मंग इथी कुठी हाये वाघ?"

 उत्तर सरितालाच द्यायचं होतं. तिनं आणखी एक लांब श्वास सोडला. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"नाई. तवाबी नोता." ती थांबली, पुन्हा श्वास सोडला. "मले असंच होते. वर्ष झालं. कुठीबी होते. उर्वशी मॅडम सांगे, याले पॅनिक अटॅक म्हणते. थोड्या वेळानं जाते. वाघ नोता, आशाबाई. मी सांगाले पायजे होतं. नाई सांगितलं."

"अन् मंग शेपूट?" मागून कोणीतरी आशाबाईला विचारलं.

"मले काय माहीत! वेल असंल एखादा," आशाबाई म्हणाली आणि पदर सावरत जागेवर जाऊन बसली. आदेशनं कपाळाला हात लावला.

आणि मग गोपाल उठला. त्याच्या घरची झाडं सगळ्यात जास्त, त्यामुळं रागही जास्त. "म्हणजे हिच्या नखऱ्यापायी गावाचा सारा मोह सडला म्हणा की!"

शब्द पटांगणात पडला तसा सरितानं डोळे मिटले. आता हेच. आता वाघ गेला, अंडी गेली, डोक्यावरून फिरणारा हात गेला. उद्यापासून बाया तिला टोळीत घेणार नाहीत, आणि सासू तर सगळ्या गावासमोर तोंडावर पडली. तिला सासूकडे पाहायचा धीर झाला नाही.

गिरजाबाई मात्र गोपालकडे पाहत होती. वर्षभर तो शब्द तिच्या तोंडात होता, स्वयंपाकघरात होता, अंगणात होता, तेव्हा तो तिला घरगुती वाटला होता. दुसऱ्याच्या तोंडून, चारचौघांत, थरथरत्या सुनेच्या अंगावर पडलेला तिनं तो पहिल्यांदाच ऐकला.  ती उठली.

"नखरे कोणाले म्हणते रे गोपाल? तिनं म्हटलं काय तुले, वाघ पाह्यला म्हून? तुमीच म्हटलं. म्याच म्हटलं सगळ्याच्या पयले. अन् नखरे हा शब्दबी माह्याच होये, वर्षभर म्हणत होते मी. तू नोको म्हणू आता." ती दम घ्यायला थांबली. "पाह्य तिचे हात. कोणी हौसेनं असं करते काय? भेव लागून राह्यला पोरीले. वाघ असो का नसो."

गोपाल काहीतरी पुटपुटत खाली बसला. आदेशनं घसा साफ केला आणि म्हणाला की आपण साहेबांना खरं काय ते कळवतो, परवानगी आली की जंगल उघडेल, पण सगळ्यांनी टोळीनंच जायचं आणि सोमारीबाईंनी तर नक्कीच. मग कोणत्या दिवसापासून आणि किती वाजता यावर बाया-बाप्ये एकदम बोलायला लागले, आणि सभा नेहमीसारखी सभा झाली.

त्या गलक्यात गिरजाबाई सुनेजवळ आली. तिचे गुडघे दुखायचे, तरी हात टेकत टेकत ती मातीत मांडी घालून बसली. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. पाणी आणू की काय, पाठ चोळू की काय, तिला समजेना. तिनं सरिताचा वाकडा झालेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"अजून हाये काय?" तिनं विचारलं.

"हाये," सरिता म्हणाली. "उतरून राह्यलं."

"मंग उतरू दे," गिरजाबाई म्हणाली. "मले काई घाई नाई."